'अंडर सेव्हंटीन इंडिया'च्या नावाखाली आमचे २,३६,८०० रुपये गेले

आकडा आधी सांगते, कारण तो तोंडातून काढायला मला आठ महिने लागले. २,३६,८०० रुपये. मुलाची 'अंडर सेव्हंटीन इंडिया' नावाच्या क्रिकेट संघात निवड करतो म्हणणाऱ्या एका माणसाने ते नेले. फॉर्मचे १,५००, सात दिवसांच्या शिबिराचे २२,०००, परराज्यातल्या 'राष्ट्रीय स्पर्धे'चे ३८,५००, ब्लेझर आणि किटचे ९,८०० आणि दुबई दौऱ्याचे १,६५,०००. शेवटची रक्कम पतपेढीतून काढली. हप्ता ५,९०० रुपये, अजून अठ्ठावीस बाकी आहेत.

आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, ऑफस्पिन टाकतो. शाळेकडून हॅरिस शील्ड ही मुंबईतली शालेय स्पर्धा खेळला, संघ दुसऱ्या फेरीत हरला. मुंबईच्या सोळा वर्षांखालच्या संघात नाव आलं नाही. त्याचे कोच सर महिन्याला २,००० रुपये घेतात. ते म्हणाले होते, "ताई, अजून एक सीझन थांबा. फिरकीवाला उशिरा पिकतो." मला ते झोंबलं. पहाटे साडेचारला उठून डबा करणारी मी होते. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत ती एवढी मोठी किट बॅग सांभाळत ठाण्याला नेट्सला जाणारा पोरगा माझा होता. थांबा म्हणणारा माणूस मला परका वाटला आणि दोन महिन्यांत दुबई म्हणणारा आपला वाटला.

तो ठाण्यातल्या एका मैदानावर भेटला. इस्त्रीचा ट्रॅकसूट, हातात फाईल, सगळी पोरं 'सर, सर' करत मागे. अशी माणसं कशी बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. विरारच्या पृथ्वी शॉचं नाव घेतलं, आझाद मैदानात तंबूत राहिलेल्या यशस्वी जैस्वालचं घेतलं. ज्युनियर, म्हणजे एकोणीस वर्षांखालचा, वर्ल्ड कप खेळला की इंडियाचं दार उघडलंच, असं म्हणाला. यातली नावं खरी असतात, म्हणून तर माणूस फसतो. पृथ्वीने फेब्रुवारी २०१८मध्ये कप्तान म्हणून तो वर्ल्ड कप जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४ केल्या, हे खरंच आहे. पण त्याआधी जानेवारी २०१७मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात, पदार्पणातच, त्याने शतक ठोकलं होतं, हे हा माणूस बोलला नाही. यशस्वी २०२०च्या ज्युनियर वर्ल्ड कपमध्ये स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी कसोटीची टोपी जुलै २०२३मध्ये मिळाली. आणि २०१२च्या अंतिम सामन्यात नाबाद १११ करून कप जिंकून देणारा कप्तान उन्मुक्त चंद भारताच्या मोठ्या संघाकडून एकही सामना खेळला नाही. हे सगळं मी पैसे गेल्यावर वाचलं. आधी वाचायला काय झालं होतं, ते मलाच विचारते.

आता तो क्षण. निवडीचं पत्र आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर ठळक अक्षरात 'अंडर सेव्हंटीन इंडिया'. मुलाने ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, "आई, क्रिकेट बोर्डाचा सतरा वर्षांखालचा गट नसतो गं. सोळा असतो, मग एकोणीस." मी काय म्हटलं? "तू गप्प बस, मोठी माणसं बघतील." सोळा वर्षांच्या पोराला जे दिसलं ते मला दिसत नव्हतं असं नाही. मला ते बघायचं नव्हतं. तो गप्प बसला, आणि नंतरही एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. त्याने तसं ओरडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माझी बाजूही सांगते. शाळांच्या जिल्हा क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ असे गट असतात. दरवर्षी ती सर्टिफिकेटं आमच्या घरी येतात. त्यामुळे सतरा हा आकडा मला परका नव्हता. त्या माणसानेही तो मुद्दाम निवडला असणार. आणि 'राष्ट्रीय स्पर्धा' खरोखर झाली. माझ्या मुलाने तीन सामन्यांत पाच बळी घेतले, मेडल मिळालं, फोटो निघाले. आईला दुसरं काय दिसणार?

पैसे एका माणसाच्या साध्या बचत खात्यात मागितले. तिथेच थांबा. पावतीवर संस्थेचं नाव आणि खातं व्यक्तीचं, असं दिसलं की उठून घरी या. राज्याच्या १९ वर्षांखालच्या संघात खेळणाऱ्या मुलाला बोर्ड सामन्याचं मानधन देतं. तिथे पैसे मुलाच्या हातात येतात, आईच्या हातून जात नाहीत. सोळा वर्षांखाली विजय मर्चंट, एकोणीसखाली विनू मांकड आणि कूच बिहार या राज्या-राज्यांतल्या स्पर्धा, तिथे धावा किंवा बळी, मग चॅलेंजर स्पर्धा आणि भारताचा ज्युनियर संघ. या रस्त्याला मधला फाटा नाही. सोळाखालच्या मुलांचं वय ठरवायला बोर्ड मनगटाचा एक्स-रे काढतं. आमच्या 'इंडिया'वाल्याने जन्मदाखलासुद्धा धड बघितला नाही.

व्हिसा "पुढच्या आठवड्यात" येत राहिला. पाचव्या आठवड्यात फोन बंद.

मग पोलीस. आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, भेट ठाण्याच्या मैदानावर झाली, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे ऐरोलीतून पाठवले, तुमचं आयुक्तालय वेगळं. नवऱ्याने चार रजा टाकल्या. एकाने सांगितलं, हा दिवाणी व्यवहार आहे, वकील करा. दुसऱ्याने माझ्याकडे बघत विचारलं, "मॅडम, पैसे तुम्ही स्वखुशीनेच दिले ना?" मुलगा शेजारी उभा होता. मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, तर पैसे केव्हाच खात्यातून निघून गेले होते. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो, मी पाच आठवड्यांनी केला. पुढे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी पोलिसांना माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी कलम कागदावर लिहून नेलं. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या गेले, तर अर्ज ठेवून जा. पोच मागितली तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. त्या एका शिक्क्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. फसवणारा एका सहीत २,३६,८०० घेऊन गेला आणि मला माझ्याच तक्रारीची पोच मिळेना! पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नका, रात्र झाली तरी.

आणि व्हॉट्सअॅपवरचं काहीही पुसू नका. रागाच्या भरात मी त्याचे व्हॉइस मेसेज डिलीट केले. दुबईची तारीख त्याने त्यातच सांगितली होती.

कोच सरांकडे जायला मला सर्वांत जास्त लाज वाटली. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरगा कुठंय? उद्यापासून पाठवा."

आतापर्यंत आम्ही सहा घरं सापडलो आहोत, कळव्यापासून घणसोलीपर्यंत. येत्या सोमवारी सगळे मिळून उपायुक्तांकडे जाणार आहोत. 'अंडर सेव्हंटीन इंडिया'चं सोनेरी शिक्क्याचं पत्र तुमच्याही घरी आलं असेल, तर पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन आमच्याबरोबर या. लोक काय म्हणतील म्हणून घरात बसू नका. मी बसले होते, आणि तेवढ्या दिवसांत त्याने आणखी दोन घरांतून पैसे नेले.