क्लार्कनंतरचा हिवाळा : आयोवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉलचा सीझन पास

विक्रमवीर केटलिन क्लार्क संघ सोडून गेल्यानंतर अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा सीझन पास घेण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न आयोवा सिटी आणि सीडर रॅपिड्स परिसरातल्या मराठी घरांतून २०२४ च्या उन्हाळ्यात बऱ्याचदा कानावर आला. प्रश्न अवाजवी नव्हता. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एकूण ३,९५१ गुणांचा विक्रम नावावर करून क्लार्क इंडियाना फीव्हर या व्यावसायिक संघात दाखल झाली होती, तिच्या सहकारी केट मार्टिन आणि गॅबी मार्शल यांचीही महाविद्यालयीन कारकीर्द संपली होती, आणि २४ हंगाम संघ सांभाळणाऱ्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी मे महिन्यात निवृत्ती जाहीर केली होती. तरीही २०२४-२५ चे सगळे पास सलग दुसऱ्या वर्षी विकले गेले. आमच्याकडे पास गर्दीच्या आधीपासूनचा असल्यामुळे नूतनीकरणाचा हक्क होता. तो वापरून आम्ही हिवाळाभर सामने पाहिले आणि त्यावर हे परीक्षण लिहीत आहे. मत आधीच सांगून टाकते: क्लार्कच्या वर्षांपेक्षा या वर्षी पासाचे पैसे अधिक वसूल झाले, कारण तयार संघ पाहायला एखाद-दुसरा सामना पुरतो, घडत असलेला संघ मात्र नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सलग पाहावा लागतो.

पासात काय मिळते हे नव्या घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे. मिळतात ते फक्त घरच्या मैदानावरचे सामने. नोव्हेंबर-डिसेंबरमधले परिषदेबाहेरच्या (आयोवा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते त्या बिग टेनच्या बाहेरच्या) संघांविरुद्धचे सामने आणि नववर्षाच्या आगेमागे जोमाने सुरू होणारे बिग टेन परिषदेचे सामने, एवढाच त्याचा आवाका. मार्चमधली बिग टेन परिषदेची स्पर्धा बाहेर, २०२५ मध्ये इंडियानापोलिसला, झाली, तिचे तिकीट वेगळे. राष्ट्रीय स्पर्धेचे तर पूर्णच वेगळे, आणि तिच्या पहिल्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर खेळण्याचा मान पहिल्या सोळा मानांकित संघांनाच मिळतो. तिकीट फोनवर येते, कागद काहीच नसतो, आणि एखाद्या संध्याकाळी जाणे जमत नसेल तर ते दुसऱ्याच्या फोनवर पाठवणे अगदी सोपे आहे. पुनर्विक्रीचा अनुभव मात्र तितका सुखाचा नाही. पाहुण्यांसाठी जादा तिकीट घेताना एका पुनर्विक्री संकेतस्थळाने सुरुवातीला दाखवलेली किंमत आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरची किंमत यांत शुल्कांच्या नावाखाली एवढी तफावत निघाली, की त्या पैशांत सहकुटुंब जेवण झाले असते. मोठ्या सामन्याला जादा तिकीट लागणारच असेल, तर आधी ओळखीच्या पासधारकांकडे विचारावे.

कार्व्हर-हॉकआय अरीना हे संघाचे घरचे मैदान या पासाचे अर्धे मूल्य आहे, असे मला वाटते. मस्कटीन येथील उद्योजक रॉय कार्व्हर यांच्या देणगीमुळे त्यांचे नाव लाभलेली ही वास्तू जानेवारी १९८३ मध्ये सुरू झाली. टेकडीच्या उतारात खोदून बांधल्यामुळे आत शिरताना आपण सर्वांत वरच्या पातळीवर असतो आणि पायऱ्या उतरत खाली आपल्या जागेकडे जातो. छताला पेलणारा पोलादी सांगाडा बाहेरून दिसतो, त्यामुळे आत दृष्टीच्या आड येणारा खांब नाही. जवळपास १५,००० प्रेक्षक एकाच उतरत्या वाडग्यात बसतात आणि आवाज खाली मैदानावर साठून राहतो. पायऱ्या उभ्या चढाच्या असल्याने गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी प्रवेशाच्या पातळीजवळच्या, म्हणजे वरच्या रांगा निवडाव्यात. त्या स्वस्तही असतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना खालच्या ‘चांगल्या’ जागेवर नेण्याचा आग्रह धरणारे पुष्कळ पाहिले आहेत. मध्यंतरात पुन्हा वर यायची वेळ आली की त्या आग्रहाचा हिशेब चुकता होतो.

वरच्या रांगांचा दुसरा फायदा खेळ पाहण्यातला आहे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे चेंडू नसलेल्या चार खेळाडू काय करत आहेत हे घरी बसून क्वचितच कळते. वरून मात्र अख्खा पट दिसतो. लुसी ऑल्सनच्या खेळाची उकल मला तिथेच झाली. आदल्या वर्षी व्हिलानोव्हा विद्यापीठाकडून सामन्यामागे २३.३ गुणांची सरासरी राखून ती देशात तिसरी आली होती आणि शेवटचे वर्ष खेळायला आयोवात आली. क्लार्कची सवय झालेल्या प्रेक्षकांना सुरुवातीला तिचे काय करावे तेच समजेना. क्लार्क मध्यरेषेच्या जवळून चेंडू फेकायची, आणि तो हातातून सुटण्याआधीच लोक उभे राहायचे. ऑल्सन सहकारी खेळाडूच्या आडोशाने बचावकर्तीला अर्धे पाऊल मागे टाकते, रिंगसमोरच्या फ्री थ्रो रेषेच्या आसपास दोन ड्रिबलमध्ये पोहोचते, करकचून थांबते आणि तिथल्या तिथे उडी मारून चेंडू टाकते. आजच्या बास्केटबॉलमध्ये या मधल्या अंतराच्या शॉटला आकडेवारीवाले फारसा मान देत नाहीत. पण बचाव एक तर रिंगखाली गोळा झालेला किंवा तीन गुणांच्या रेषेवर ताणलेला असताना मधली जागा कशी मोकळी पडते, हे वरून पाहताना इतके स्पष्ट होते, की तिचा हट्ट योग्य वाटू लागतो. डिसेंबरपर्यंत लोकही तिच्या थांबण्याच्या क्षणाला उठायला शिकले होते.

आता संघाच्या वाटचालीबद्दल. नव्या मुख्य प्रशिक्षक जॅन जेन्सन या ब्लूडर यांच्या दीर्घकाळच्या सहकारी, त्यामुळे पद्धत बदलली नाही, माणसे बदलली. हॅना स्टूल्की ही सीडर रॅपिड्सचीच मुलगी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पेन स्टेटविरुद्ध एका सामन्यात ४७ गुण केलेली. या वर्षी मात्र तिच्यापुढे बचाव फोडून ठेवणारी क्लार्क नव्हती, आणि आपली जागा आपणच काढण्याची पाळी तिच्यावर आली. सिडनी अफोल्टरसारखी अनुभवी खेळाडू होती, तर अ‍ॅवा हायडन, टेलर स्ट्रेमलो, आलियाह गायटन अशा पहिल्या वर्षाच्या मुलींना थेट मैदानात उतरावे लागत होते. डिसेंबरात आयोवा स्टेटला ७५-६९ असे हरवले तेव्हा वाटले, की जमले. शेजारच्या विद्यापीठाविरुद्धचा तो सामना इथे राज्याच्या अब्रूचा प्रश्न असतो. मग जानेवारीत सलग पाच पराभव झाले. त्यांतला ओरेगनच्या मैदानावरचा ५०-४९ हा सामना बास्केटबॉल म्हणून पाहायला कठीण होता: दोन्ही संघांचे नेम चुकत होते, नव्या मुली चेंडू पास करण्याआधी क्षणभर थबकत होत्या, आणि तेवढ्या क्षणात मोकळी झालेली सहकारी पुन्हा झाकली जात होती. पासधारकाच्या दृष्टीने असा पडता काळच कसोटीचा. एकेका सामन्याचे तिकीट काढणारा अशा वेळी घरी राहतो. पासधारक पैसे भरून बसलेला असतो म्हणून जातो, आणि नेमकी त्या थबकण्यात महिनाभराने काय सुधारणा झाली हे त्यालाच दिसते.

ती दिसली २ फेब्रुवारी २०२५ रोजी. त्या दिवशी क्लार्कचा २२ क्रमांक निवृत्त करण्याचा समारंभ होता, ती स्वतः प्रेक्षागारात होती, आणि समोर आघाडीची खेळाडू जुजू वॉटकिन्स हिचा, देशात चौथ्या क्रमांकावरचा सदर्न कॅलिफोर्निया संघ होता. समारंभाच्या दिवशी संघ हरतो हा क्रीडाविश्वातला जवळपास रिवाज आहे. आयोवा ७६-६९ असा जिंकला, ऑल्सनने २८ गुण केले. पण माझ्या लक्षात राहिली ती दुसरी गोष्ट. वॉटकिन्सवर दोघी धावून जात होत्या तेव्हा मागे मोकळ्या सुटलेल्या खेळाडूकडे तिसरी मुलगी वेळेवर सरकत होती, आणि जानेवारीत हेच सरकणे अर्ध्या पावलाने उशिरा होत होते. पुढे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध घरच्याच मैदानावर अवघ्या दोन गुणांनी, ६७-६५ असा, पराभव झाला. त्या पराभवानंतर बाहेर पडणाऱ्या लोकांचे चेहरे जानेवारीतल्या पराभवांनंतरच्या चेहऱ्यांपेक्षा कितीतरी समाधानी होते.

या प्रेक्षकांविषयी थोडे लिहिलेच पाहिजे, कारण पास घेणाऱ्याला शेजारही मिळतो. आयोवात मुलींचे बास्केटबॉल क्लार्कने आणले, हा बाहेरच्यांचा गैरसमज आहे. या राज्यात शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून चालत आली आहे, आणि १९९३ पर्यंत इथे सहा जणींच्या संघाचा वेगळाच खेळ खेळला जाई: तिघी फक्त चढाईला, तिघी फक्त बचावाला, मध्यरेषा ओलांडायची नाही, आणि चेंडू दोनदाच ड्रिबल करायचा. जेन्सन स्वतः तो खेळ खेळलेल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांची सरासरी सामन्यामागे ६६ गुणांची होती, आणि त्यांच्या आजीही १९२० च्या दशकात याच खेळात नाव कमावून होत्या. याच अरीनात ३ फेब्रुवारी १९८५ रोजी, व्हिव्हियन स्ट्रिंगर आयोवाच्या प्रशिक्षक असताना, ओहायो स्टेटविरुद्धच्या महिलांच्या सामन्याला २२,१५७ लोक आले होते, म्हणजे क्षमतेपेक्षा हजारोंनी जास्त. म्हणून आसपासच्या रांगांत बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बायका पायांच्या हालचालींवर जे बारीक शेरे मारतात ते कान देऊन ऐकावेत. आमच्या पुढच्या रांगेतल्या एक बाई पंचांशी कधीच हुज्जत घालत नाहीत. त्यांचा सगळा राग आपल्या संघातली मुलगी रिबाउंडच्या (हुकलेला चेंडू पकडण्याच्या) वेळी प्रतिस्पर्ध्याला पाठ लावून अडवायला विसरली की उफाळून येतो.

पास न घेता घरी बसून हंगाम पाहायचा म्हटला, तर तेही सरळ नाही. बिग टेनचे सामने बिग टेन नेटवर्क, फॉक्स, सीबीएस, एनबीसी, पीकॉक आणि परिषदेची स्वतःची सशुल्क ऑनलाइन सेवा यांत विखुरलेले असतात, तर राष्ट्रीय स्पर्धा ईएसपीएन समूहाकडे. एकाच संघाचे सगळे सामने पाहायला तीन-चार वर्गण्या भराव्या लागतात, आणि त्यांची बेरीज मांडली की वरच्या रांगेतला पास महाग वाटेनासा होतो. शिवाय २०२४ पासून परिषदेत पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ आल्याने तिकडचे काही सामने आपल्याकडे रात्री उशिरा सुरू होतात. भारतातल्या नातेवाइकांना मात्र आपल्या वेळा सोयीच्या पडतात, कारण इथला संध्याकाळी सातचा सामना तिकडे सकाळी साडेसहाला सुरू होतो, आणि चहाबरोबर फोनवर गुणफलक पाहणारे एक मामा आमच्या घरात आहेत.

सोयीसुविधांबद्दल थोडक्यात: पारदर्शक पिशवीचा नियम आहे, पर्स घरी ठेवावी. शाकाहारी माणसाच्या वाट्याला पॉपकॉर्न, प्रेट्झेल आणि नाचोज यांपलीकडे फारसे काही येत नाही, तेव्हा जेवून जाणे उत्तम. विद्यापीठाची कॅम्बस ही बससेवा मोफत आहे. उणे तापमानात, बर्फावरून, लांबच्या पार्किंगपासून चालत येण्यापेक्षा तिचा विचार करावा. दहा-दहा मिनिटांचे चार भाग असल्याने सामना साधारण दोन तासांत आटोपतो, आणि शाळकरी मुलांना आठवड्याच्या मधल्या संध्याकाळीही नेता येते. लहान मुलींसाठी तर याहून चांगली संध्याकाळ सुचवता येणार नाही, फक्त स्वाक्षरीची आशा दाखवून नेऊ नये. गर्दी वाढल्यापासून ती पूर्वीइतकी सहज मिळत नाही.

संघाचा हंगाम २३ विजय आणि ११ पराभवांवर संपला. इंडियानापोलिसच्या स्पर्धेत ओहायो स्टेटकडून ६०-५९ अशी एका गुणाने हार, राष्ट्रीय स्पर्धेत सहावे मानांकन, मरे स्टेटवर ९२-५७ असा विजय, आणि नंतर नॉर्मनमध्ये यजमान ओक्लाहोमाकडून ९६-६२ असा सपाटून मार. त्यांतला एकही सामना पासात नव्हता. ज्यांना केवळ मार्चमधला थरार हवा आहे त्यांनी पासावर पैसे घालवू नयेत, दूरचित्रवाणीची वर्गणी त्यांना पुरेल. ज्यांना पास घ्यायचा आहे पण सगळ्या सामन्यांना जाणे जमणार नाही, त्यांनी नेहमीची चूक टाळावी: नामांकित प्रतिस्पर्ध्यांचे सामने स्वतःसाठी राखून नोव्हेंबरातले सगळे वाटून टाकले जातात. नोव्हेंबरातले निदान दोन स्वतः पाहावेत, आणि द्यायचेच असेल तर वर्षअखेरीच्या सुट्टीतले एखादे तिकीट द्यावे, जेव्हा देण्याघेण्याला माणसेही मोकळी असतात.