डिफरन्शियल घरी उघडायचा की मिस्त्रीकडे द्यायचा?

बोलेरोचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारा गिअरांचा गोळा, ओरडायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, हत्यारं घे आणि घरीच उघड. दुसरा म्हणतो, उद्यमनगरातल्या गॅरेजात टाक आणि निवांत राहा. कोल्हापुरात राहून मी दोन्ही करून बसलोय.

आधी आवाज खरंच तिथलाच आहे ना, ते बघा. अॅक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि पाय काढल्यावर दुसरा, तर संशय क्राऊन-पिनियनवर, म्हणजे आतल्या मोठ्या चक्रावर आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर. वळणावर बदलत असेल तर बहुधा हबचं बेअरिंग आहे. मग पुढचं वाचायची गरज नाही.

घरच्या कामात हौस भागते आणि एकेक बोल्ट आपल्या हातून जातो, हे मान्य. मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ, घेतलं तर पैसे वाया जात नाहीत, पुढे ब्रेक डिस्कची डगमग बघायलाही तेच लागतं. बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरांच्या दातांमधली मोकळीक, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाइतकी बारीक बसवायची असते, तिथे अंदाज चालत नाही. दात कुठे टेकतात त्याची छाप बघायला लावायचा निळा रंग तर किरकोळीत येतो.

माझं घोडं अडलं ते शिमपाशी. पिनियनच्या मोठ्या बेअरिंगमागे शिम असतो, म्हणजे पिनियन किती आत बसेल ते ठरवणारी पातळ चकती. निळा लावून फिरवलं तर छाप दाताच्या माथ्याकडे आली, म्हणजे शिम जाड हवा. त्यासाठी नुकतंच दाबून बसवलेलं बेअरिंग पुन्हा काढायचं. त्याला चारी बाजूंनी पकडणारा पुलर लागतो. माझ्याकडे होता दोन पायांचा. पहिल्याच ओढीत बेअरिंगचा पिंजरा वाकला. नवं आणलं, छाप आता भलतीकडेच गेली, पुन्हा ओढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टेपनीवर बसून दोन मेलेल्या बेअरिंगांकडे बघत होतो, आणि घरातून कुणी काही विचारत नव्हतं, हे जास्त लागलं.

शेवटी हाऊसिंग पोत्यात घालून मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी खणातून एक जुनं बेअरिंग काढलं. त्याचं आतलं भोक घासून सैल केलेलं, पिनियनवर हातानेच सरकत होतं. "शिम ठरेपर्यंत हेच घालायचं, नवं शेवटी," एवढंच म्हणाले. तीनदा शिम बदलला. पुलरला हातही लावला नाही.

सगळेच मिस्त्री असे नसतात. काही जण बॅकलॅश नुसता हाताने हलवून 'ओके' म्हणतात. तेव्हा डायल गेज आहे का, एवढं विचारूनच गाडी द्या. क्रश स्लीव्ह, म्हणजे पिनियनच्या दोन बेअरिंगांमधली दबणारी नळी, असेल तर ती नवीच घालायला सांगा, एकदा दबलेली पुन्हा कामाची नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या, दोन्हींवरचे नंबर जुळवून. वेळेचं मात्र बोलू नका. दोन दिवस म्हणाले, माझी गाडी पाचव्या दिवशी मिळाली.

भंगारातून अख्खा जुना डिफरन्शियल आणायचा तिसरा मार्गही आहे. रेशो, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या दातांचं प्रमाण, जुळला तर स्वस्तात सुटाल, पण दुसऱ्याचा आवाज विकत घेताय असं मला वाटत राहतं.

गाडी मिळाली त्या दिवशी मिस्त्री शेजारी बसून जोतिबाच्या घाटापर्यंत आले. उतारावर त्यांनी काचा वर करायला लावल्या, मला पाय काढायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकत बसले. घरच्या कामात हे कोण करणार होतं? पुढे 800 किलोमीटरला ऑइल मी स्वतः बदललं. तेवढं जमतं.