लांब रूटसाठी क्लाइंबिंग शूज: मिथोस की टीसी प्रो?

तेलबैला किंवा कोकणकड्यासारख्या भिंतीवर चार-पाच तास शूज पायात राहतात, तिथे क्लाइंबिंग जिममधले टोकदार, बोटं मुडपणारे शूज नकोच. मग ला स्पोर्टिवा कंपनीचे हे दोन उरतात.

मिथोसचं लेदर मऊ, आत अस्तर नाही, त्यामुळे वापरून वापरून ते चांगलंच सैल होतं आणि पायाचा आकार घेतं, शिवाय लेस टाचेमागून फिरून येते, ती जरा ओढली की सगळा शूज पायाला धरून बसतो. पाय रुंद असेल तर हेच घ्या. पण सोल मऊ आहे, बारीक एजवर (कातळाच्या कडेवर) पोटऱ्या लवकर भरून येतात.

टीसी प्रोची गोष्ट वेगळी. अमेरिकन क्लाइंबर टॉमी काल्डवेलसोबत बनवलेला, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या ग्रॅनाइटसाठी. सोल कडक, घोट्यापर्यंत उंच, म्हणजे क्रॅकमध्ये (कातळातल्या भेगेत) पाय अडकवून पिळला तरी घोटा सोलवटत नाही. आपल्या बेसॉल्टच्या छोट्या कडांवर उभं राहायला तो कडकपणा फार कामाला येतो, पण महाग आहे भाऊ, आणि पहिल्यांदा घालाल तेव्हा जड वाटेल.

मी पहिली जोडी सकाळी गार पायाने ट्राय करून घेतली होती, दुपारी तिसऱ्या पिचला (पिच म्हणजे एका दोराच्या लांबीचा टप्पा) पाय सुजले आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. म्हणून संध्याकाळी ट्राय करा, बोटं सरळ राहिली पाहिजेत. पहिलीच जोडी असेल तर मी मिथोस म्हणेन, क्रॅक जास्त करत असाल तरच टीसी प्रो. आणि बिलेला, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळायला, थांबलात की टाच बाहेर काढून ठेवा, खरंच खूप फरक पडतो.