सेलप्रोफायलर: मॅक्रोफेजचा आकार मोजण्यासाठी काही महिने वापरल्यानंतर

उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या) फोटोंवर गेले काही महिने सेलप्रोफायलर वापरतेय. ब्रॉड इन्स्टिट्यूटचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कोडिंग येत नसलं तरी अडत नाही, मॉड्यूल एकाखाली एक लावायची आणि रन करायचं.

मला बघायचा होता लांबटपणा. आयएल-४ हे सायटोकाइन (पेशींना संदेश देणारं प्रथिन) दिलं की या पेशी लांबुळक्या होतात. एलपीएस (जीवाणूंच्या आवरणातला घटक) आणि इंटरफेरॉन-गॅमा (दाह वाढवणारं सायटोकाइन) दिलं की पसरट, गोलसर. २०१३ मध्ये मॅकव्हर्टर आणि सहकाऱ्यांनी पेशी अरुंद पट्ट्यांवर वाढवून, सायटोकाइन न देता नुसत्या लांब केल्या, तरीही आर्जिनेज-१ (आयएल-४ दिल्यावर वाढणारं एन्झाइम) वाढलं. म्हणजे आकार हा निव्वळ परिणाम नाही, त्यामुळे तो मोजण्यात अर्थ आहे.

सॉफ्टवेअर आकड्यांचा पाऊस पाडतं, पण त्यातले थोडेच कामाचे. फॉर्म फॅक्टर (४π × क्षेत्रफळ ÷ परिमितीचा वर्ग) वर्तुळासाठी १ असतो. गंमत अशी की गोल पेशीच्या कडेला बारीक फांद्या फुटल्या तरी तो घसरतो आणि पेशी लांब झाल्यासारखं वाटतं. सोबत सॉलिडिटी (पेशीचं क्षेत्रफळ ÷ तिच्याभोवती रबरबँड ताणला तर आत येणारं क्षेत्रफळ) बघितली तर फरक कळतो. एक्सेंट्रिसिटीवर (लंबवर्तुळ किती चपटं याचा ० ते १ मधला आकडा) तर माझा विश्वासच नाही: लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तर ०.८७, चौपट असेल तर ०.९७. सगळ्या लांब पेशी वरच्या टोकाला गर्दी करतात. मी लांब आणि आखूड अक्षांचं सरळ गुणोत्तर काढते.

खरी डोकेदुखी सेगमेंटेशनची, म्हणजे फोटोत प्रत्येक पेशीची सीमा आखण्याची. केंद्रकं डॅपीमुळे (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगामुळे) चटकन सापडतात, पण दोन पेशी चिकटल्या की सीमारेषा कुठेही जाते आणि पुढचे सगळे आकडे त्या रेषेवर उभे. दाट भागासाठी शेवटी सेलपोझ हे पेशी वेगळ्या करणारं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. त्याचे मास्क (आखलेल्या पेशींचे नकाशे) सेलप्रोफायलरमध्ये आणून मोजमाप तिथेच करते. हा दुहेरी खटाटोप वैतागवाणा आहे, पण निकाल बरेच सुधारले. फोटोच्या कडेला कापल्या गेलेल्या पेशी वगळायचा पर्याय आहे, तो चालू ठेवाच. २०एक्स आणि ४०एक्स मॅग्निफिकेशनचे फोटो एकत्र करू नका, रिझोल्यूशन बदललं की परिमिती बदलते.

वेलमध्ये (पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या खळग्यात) गर्दी झाली की औषधाशिवायही पेशींचा आकार बदलतो, त्यामुळे एकट्या आकारावरून ‘ही एम२’ (आयएल-४ मुळे तयार होणारा मॅक्रोफेजचा प्रकार) असं लिहायला मी धजत नाही. प्रत्येक प्लेटमध्ये काही वेल आर्जिनेज-१ च्या स्टेनिंगसाठी राखून ठेवते.