‘गिर्यारोहणाचे बूट बसतात’ म्हणाला आणि ३१० युरोंची टोपी घातली

लिहायला लाज वाटते, पण लिहितोच. जाहिरात बघून एकाकडून वापरलेलं स्कीचं बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) घेतलं; गिर्यारोहणाचे बूट त्यात बसतात, असं तो विकणारा म्हणाला. बाइंडिंगचे २४०, पाठवणीचे २५ आणि ‘सोबत हार्शआयझनही देतो’ (कडक बर्फात घसरू नये म्हणून स्कीला लावायचे दात) म्हणून वरचे ४५. एकूण ३१० युरो. ते हार्शआयझन अजून यायचेच आहेत.

मला हवं होतं सिल्वरेट्टा ५०० हे जुनं बाइंडिंग. माझं खरं काम कड्यावर, स्की फक्त तिथवर पोचायला. दोन-दोन जोड बूट कोण वाहणार? पिन बाइंडिंग बुटाला पिनांनी पकडतं, त्याला बुटात धातूची भोकं लागतात, गिर्यारोहणाच्या बुटाला ती नसतात. जुन्या सिल्वरेट्टाला मात्र पुढे तारेची कडी आणि मागे टाचेची पकड. क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली लावायचे काटे) बुटाच्या ज्या कडांवर बसतात त्याच कडांवर तेही बसतं. म्हणून वापरलेलं शोधत होतो. गरजवंताला अक्कल नसते, ते असं.

तरी मी विचारलं होतं हो! बूट अडकवलेला फोटो पाठव म्हटलं. पाठवला. आता तोच फोटो रोज उघडून बघतो. बुटाच्या नाकाशी दोन्ही बाजूंना एकेक चकचकीत खळगा. पिनांची भोकं! म्हणजे बूट टूरिंगचा, स्कीवरून डोंगर चढायचा; गिर्यारोहणाचा नव्हे. आणि तारेची कडी दिसायला हवी नेमकी तिथे त्याचा अंगठा. तो अंगठा मी पाहिला होता. ‘बूट दाबून धरला असेल बिचाऱ्याने’ अशी समजूतही माझी मीच घातली.

खोक्यातून निघालं फ्रेम बाइंडिंग, म्हणजे बूट चौकटीवर धरणारं, पुढे प्लॅस्टिकचे जबडे. हे आयएसओ ९५२३ या मानकाच्या, टूरिंग बुटाच्या तळव्यासाठी असतं. माझ्या बुटाचा तळवा पुढे वर वळलेला. दाबून बसवला तरी डुगडुगतो. ‘थोडं रबर घासा, बसेल’ हा त्याचा शेवटचा निरोप. अजिबात घासू नका. पडल्यावर बाइंडिंग वेळेत सुटलं नाही तर गुडघा जातो. घेताना कडी न झाकता समोरून काढलेला फोटो मागा, अंगठ्याशिवाय.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. जाहिरातीचं संकेतस्थळ म्हणतं, बोलणं आमच्या बाहेर झालं. पैसे पाठवणारी कंपनी म्हणते, तुम्ही ‘मित्राला’ म्हणून पाठवलेत. (हो, पाठवले. ९ युरो शुल्क वाचवायला. तुम्ही वाचवू नका.) बँक म्हणते, मंजुरी तुमचीच. पोलीस म्हणाले, वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी वाद. मिळाली! घोड्याचे पैसे घेऊन कोणी दारात गाढव बांधलं तरी ‘जनावर मिळालं ना’ म्हणतील. कडी आणि जबडे यांतला फरक कागदावर काढून दाखवला. साहेबांनी तो कागद उलटा धरून पाहिला आणि अर्जात लिहिलं, ‘खेळाचे साहित्य, आवडले नाही’. आवडले नाही?

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच फोटो, तोच अंगठा. किंमत आता २६०.