फ्रोझन चिकन नगेट्स डब्यासाठी: तव्यावर झकास, मधल्या सुट्टीत काठावर पास

चव चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणाला वाटायला नको की हा माणूस फ्रोझन म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला आहे. तव्यावरून काढून थेट ताटलीत, बाजूला केचप, असं खाल्लं तर नावं ठेवण्यासारखं काही नाही, आमच्याकडे पहिला घाणा डब्यापर्यंत पोचलाच नाही, ओट्याशीच संपला. पण मी पाकीट आणलं ते शाळेच्या डब्यासाठी. सकाळी साडेसहाला भरलेला डबा पावणेदहाला उघडतो, त्यामुळे मार्क द्यायचे ते पावणेदहाच्या नगेटला, आणि तिथे गडबड आहे.

ब्रँडचं नाव टाकत नाहीये. सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये चार-पाच कंपन्यांची पाकिटं शेजारी शेजारी पडलेली असतात त्यातलंच एक, आणि मागचा बारीक मजकूर वाचलात तर थोड्याफार फरकाने सगळे एकाच माळेचे मणी निघतात, उगाच एकाला धरून झोडपण्यात अर्थ नाही.

आता आमची परिस्थिती. थोरला सहावीत, शाळा सकाळी ७ ची. चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आत भरवू नका असा सरकारी आदेश २०२४ मध्ये निघाला त्याचा फायदा धाकटीला झाला, याला काही नाही. बायकोची शिफ्ट लवकरची, ती सहाला घराबाहेर, त्यामुळे डबा माझ्याकडे. आणि चिकनचा डबा द्यायचा म्हटला तरी आठवड्यात दोनच वार मिळतात, बुधवार आणि शुक्रवार, कारण सोमवार आईचा, मंगळवार बायकोचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा, रविवारी शाळाच नाही, मध्येच संकष्टी आली की तोही वार गेला. श्रावणात तर फ्रीजर मटारच्या ताब्यात. सांगायचा मुद्दा हा की मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेतलं तर ते आमच्यासारख्या घरात संपता संपत नाही.

करायला सोपं आहे, तेवढ्यासाठीच तर आणतो आपण. वितळवायचं नाही, फ्रीजरमधून थेट तव्यावर, नाहीतर वरचं कव्हर ओलं होऊन तव्याला चिकटतं. मध्यम आचेवर थोड्या तेलात दोन्ही बाजू चार-पाच मिनिटं, आणि घाई करून आच मोठी केली की बाहेरून मस्त सोनेरी आणि आतून गारेगार, म्हणून प्रत्येक घाण्यातला एक मोडून बघायचा, आत वाफ निघाली पाहिजे. एअरफ्रायरमध्ये १८० वर दहा-बारा मिनिटं, तेल कमी लागतं, पण हे नगेट्स कंपनीतच एकदा तळून आलेले असतात त्यामुळे 'एअरफ्रायर म्हणजे ऑइल फ्री' वगैरे स्वतःची समजूत घालू नका.

मोडून बघितलेला तो नगेट जरा नीट बघा. बाहेर पातळ कुरकुरीत थर, त्याखाली मैद्याचा एक मऊसर पांढरा पट्टा, आणि आत एकसारखा गुळगुळीत फिकट गोळा. चिकनच्या तुकड्याला जे धागे असतात ते शोधावे लागतात. माझ्या आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अरे, यात कोंबडी कुठंय?" मी म्हटलं आहे गं, पाठीमागे टक्के लिहिलेत. तर म्हणे, "टक्के दुधाचे बघतात, चिकनचे कधीपासून?"

तर टक्के. घटक जास्तीपासून कमीकडे अशा क्रमाने छापायचे हा नियमच आहे, त्यामुळे पहिले चार शब्द वाचले तरी काम होतं. पहिला चिकन, मग पाणी, मैदा, ब्रेडक्रम्ब, पामतेल, सोया प्रोटीन, स्टार्च, मीठ, आणि मग ते ४५१ वगैरे आकडे. ४५१ म्हणजे फॉस्फेटचा प्रकार, मांसात पाणी धरून ठेवायला घालतात, म्हणून नगेट इतका रसरशीत लागतो. विष नाहीये ते, पण पाण्याला चिकनच्या भावाने पैसे मोजतोय हे डोक्यात असू द्या. आता हिशोब करा, चिकन ५५ टक्के लिहिलं असेल तर ५०० ग्रॅमच्या पाकिटात चिकन झालं पावणेतीनशे ग्रॅम, पाकीट अडीचशे रुपयांच्या घरात, म्हणजे चिकन पडलं ९०० रुपये किलोच्या वर. कोपऱ्यावरचा चिकनवाला बोनलेस चारशेच्या आसपास देतो. आईचं म्हणणं हेच की एवढ्या पैशात अर्धा किलो आणलं असतंस तर दोन वेळचं झालं असतं, आणि हिशोबात ती बरोबर आहे, फक्त पहाटे पावणेसहाला ते धुऊन, कापून, मसाला लावून कोण बसणार याचं उत्तर तिच्याकडेही नाही.

पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' असतं त्याने हुरळून जाऊ नका, उणे १८ डिग्रीत ठेवलेल्या वस्तूला वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच कशाला. प्रोटीनचं म्हणाल तर १०० ग्रॅमला १२-१३ ग्रॅम, म्हणजे पाच नगेट्स आणि दोन उकडलेली अंडी साधारण सारखीच. अंडी किती स्वस्त पडतात ते तुम्हाला माहीत आहे. मला जास्त खटकलं ते मीठ. या जातीच्या पाकिटांवर १०० ग्रॅमला ५०० मिलीग्रॅमच्या आसपास सोडियम दिसतं, कुठे थोडं कमी कुठे जास्त, आणि शेजारी जी टक्केवारी छापतात ती मोठ्या माणसाच्या दिवसाला २००० मिलीग्रॅम या हिशोबाने असते. म्हणजे तिथे २५ टक्के दिसले तर ते माझे २५ टक्के, तिसरीतल्या पोरीचे त्याहून बरेच जास्त. वर केचप वेगळंच.

बरं, आता मुख्य परीक्षा, डबा.

साध्या स्टीलच्या डब्यात गरम नगेट्स घालून झाकण लावलं की आतली वाफ झाकणाला लागून थेंब थेंब परत खाली पडते आणि पावणेदहापर्यंत वरचं कव्हर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटून हातात येतं. पोराचा रिपोर्ट एका वाक्यात, "बाबा, ओले ओले झाले होते." मग जाळीवर पाच मिनिटं निववून भरले, खाली टिश्यू घातला (वर्तमानपत्र नका घालू, छपाईची शाई खाण्याला लागते), तर कव्हर टिकलं पण नगेट गार आणि चिवट. मग म्हटलं गरम राहणारा डबा वापरू, त्यात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवलं, पाणी ओतून पुसून नगेट्स भरले, गरम राहिले पण वाफेने परत ओले. आणि पूर्ण गरम पण नाही राहत, असा डबा गच्च भरला तर उष्णता धरतो, आमटीभात तासनतास गरम राहतो, पाच सुट्टे नगेट्स टाकले तर निम्मी जागा हवेची. थोडक्यात कुरकुरीत हवा असेल तर निववावा लागतो आणि निववला की गार, या दोन्ही गोष्टी एका डब्यात बसत नाहीत, आणि त्यात कंपनीचा काही दोष नाही, हा पदार्थच ताटलीतला आहे.

गार झाला तर फक्त चवीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. शिजवलेलं चिकन एकतर ६० डिग्रीच्या वर गरम पाहिजे नाहीतर ५ च्या खाली गार, मधल्या तापमानात दोन तासांच्या वर ठेवू नये असं सांगतात. आमचा डबा सव्वातीन तास दप्तरात. लोक देतात, वर्षानुवर्षं देतायत, बुर्जी आणि ऑम्लेट पण जातंच डब्यातून आणि काही होत नाही हेही खरं, पण मार्चनंतरच्या पुण्यात, पत्र्याच्या शेडखाली लावलेल्या स्कूल व्हॅनमधून, मी तरी चिकन पाठवणार नाही. थंडीत आणि गरम डब्यात, एवढंच. होळी झाली की चिकनचा डबा बंद, पराठा जिंदाबाद.

थंडीपुरती जी युक्ती चालली ती ही: नगेट पोळीत घालायचा. उभे तीन काप करायचे, ताज्या पोळीला तूप, त्यावर लसणाची सुकी चटणी भुरभुरायची, काप ठेवायचे, घट्ट रोल, अर्धा कापून गरम डब्यात दाबून भरायचा. पोळीत गेल्यावर त्याच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षाच राहत नाही, वाफ पोळी पिते, आणि दोन रोल डबा व्यवस्थित भरतात म्हणून गरमही जास्त वेळ राहतात. पुदिन्याची ओली चटणी नको, पाणी सुटतं. कच्चा कांदा नको, झाकण उघडल्यावर आख्ख्या वर्गाला कळतं. मेयोनीज तर अजिबात नको. तीन नगेट्समध्ये दोन रोल होतात, म्हणजे मीठही आपोआप कमी गेलं. हा डबा रिकामा परत आला, आणि आमच्याकडे रिकामा डबा म्हणजे पाच स्टार.

त्याच फ्रीजरमधला सीख कबाब या कामाला नगेटपेक्षा बरा आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. त्याला कव्हरच नाही त्यामुळे ओलं व्हायचा प्रश्न नाही, पोळीच्या लांबीचा असतो, कापाकापी नाही, आणि मैदा वाचतो. फक्त तिखट आहे, थोरल्याला चालतो, धाकटीने एक घास घेऊन अर्धा तांब्या पाणी संपवलं.

धाकटीच्या डब्याचा तसाही प्रश्न नाही कारण तिच्या शाळेत नॉनव्हेज डबा चालतच नाही, डायरीत लिहूनच दिलंय. तुमच्या शाळेचं आधी बघून घ्या, पुण्यात बऱ्याच ठिकाणी असं आहे, आणि यावर वाद घालायची माझी खूप इच्छा आहे पण तो इथे नको. जिथे चालतं तिथे एक गोष्ट मात्र पोरांना बजावून सांगा. चिकन नगेट आणि व्हेज नगेट दिसायला सारखेच. पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांच्या डब्यात हात घालतात, विचारत बिचारत नाहीत, आणि समोरचं पोर शाकाहारी घरातलं असलं की संध्याकाळी फोन येतो तो आपल्याला. पाकिटावर तपकिरी त्रिकोण असतो, डब्यावर नसतो. आमचा थोरला आता डबा उघडतानाच "चिकन आहे रे" असं ओरडतो, त्याने दोन मित्र लांब बसतात आणि चार जवळ येतात. गहू आणि सोयाची अॅलर्जी असणाऱ्या पोरांचंही तेच, लेबलवर दोन्ही असतं.

घेताना पाकीट हलवून बघा. आत तुकडे खुळखुळले पाहिजेत. एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल, आत बर्फाचा चुरा दिसत असेल, तर ते मध्ये कुठेतरी वितळून परत गोठलंय, ठेवून द्या परत. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अॅपवरून मागवलं तर हे हलवून बघणं दारातच करा, डिलिव्हरीवाला असताना. माझं असं एक ढेकूळवालं परत गेलं, पैसे आले, पण त्यासाठी फोटो काढा, चॅट करा, ते सगळं करावं लागलं. दुकानातून आणत असाल तर सगळी खरेदी झाल्यावर शेवटी उचला आणि वाटेत भाजी घेत बसू नका.

घरातही तेच. आमच्या धायरीत गुरुवारी लाईट जाते, कधी तासभर कधी अख्खी दुपार. फ्रीजर न उघडता भरलेला असेल तर निभावतं, पण उघड-झाक झाली आणि तुकडे मऊ लागले तर परत गोठवून शुक्रवारच्या डब्यात घालायचे नाहीत, त्याच संध्याकाळी तळायचे. (आता गुरुवार आहे, घरात चालत नाही, म्हणून ते बिल्डिंगच्या वॉचमनच्या पोरांकडे जातात. ती पोरं आता दर गुरुवारी लाईट जायची वाट बघतात.)

तर मी परत आणेन का, हो, छोटं पाकीट, डिसेंबर-जानेवारीत रोलसाठी, आणि एरवी रविवारी संध्याकाळी पाहुणे टपकले तर. पेरी पेरी फ्लेवरचं मात्र नका घेऊ, त्यात वरून मारायची मसाल्याची पुडी येते, ती पोरगं दप्तरात घेऊन जातं आणि गणिताच्या वहीवर सांडतं.