बाइंडिंग की स्वतःचा कोड?

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमधल्या मॅकसाठी कापूसखरेदीचे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्या माझ्या भाच्याने विचारले की, डावीकडे शेतकरी निवडल्याबरोबर उजवीकडे त्याच्याच काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) दिसाव्यात यासाठी दोन ॲरे कंट्रोलर (यादीतल्या नोंदी आणि त्यांतली निवड सांभाळणारे घटक) कोको बाइंडिंगने, म्हणजे कोड न लिहिता घटक जोडण्याच्या ॲपलच्या सोयीने, जोडावेत, की निवड बदलल्याची सूचना ऐकून दुसरा कंट्रोलर स्वतःच्या कोडने भरावा.

मेहनत बाइंडिंगमध्ये कमी आहे. २००३ साली मॅक ओएस एक्स १०.३ सोबत आलेल्या या सोयीत दुसऱ्या कंट्रोलरचा आशय पहिल्याच्या ‘सिलेक्शन’मधील काटापट्ट्यांच्या संचाला बांधला की यादी आपोआप बदलते.

चूक शोधणे मात्र जड जाते. की-पाथमधले (कोणती माहिती जोडायची हे सांगणाऱ्या नावांच्या साखळीतले) एक अक्षर चुकले तरी ॲप्लिकेशन चालवेपर्यंत ते कळत नाही. त्याहून फसवी गोष्ट क्रमाची आहे: कोअर डेटा (माहिती साठवणारी ॲपलची चौकट) वापरताना कंट्रोलरचा ‘फेच’, म्हणजे साठ्यातून नोंदी आणणे, रनलूपच्या (ॲप्लिकेशनमधल्या घटना हाताळणाऱ्या चक्राच्या) पुढच्या फेरीपर्यंत लांबतो, त्यामुळे खिडकी उघडताच निवडलेला शेतकरी विचारला तर निवड रिकामी मिळते. (माहिती त्याच क्षणी हवी असेल तर ‘फेच विथ रिक्वेस्ट’ ही पद्धत वापरावी.) स्वतःच्या कोडमध्ये हा क्रम आपल्या हातात राहतो आणि ब्रेकपॉइंट लावून (कोड मध्येच थांबवून) तपासता येतो, पण पट्टी जोडणे, खोडणे, वजन दुरुस्त करणे अशा प्रत्येक वाटेवर यादी ताजी करावी लागते, आणि एखादी वाट विसरली की शेतकऱ्यासमोर जुनेच क्विंटल दिसतात, जे मला ॲप्लिकेशन बंद पडण्यापेक्षाही वाईट वाटते.

म्हणून भाच्याच्या दोन याद्यांना बाइंडिंगच योग्य आहे. भाव बदलताच कपात, हमाली आणि देय रक्कम ठरावीक क्रमाने मोजणारे तीन-चार कंट्रोलर असतील, तर स्वतःचा कोड लिहावा.